भाजीपाला पिकांसाठी सेंद्रिय व जिवाणू खते

वनस्पती व प्राणी यांच्या अवशेषांपासून तयार होणाऱ्या खतांना सेंद्रिय खते म्हणतात, तर उपयुक्त सूक्ष्मजीवांच्या जिवंत संवर्धनास जिवाणू खते किंवा जैविक खते म्हणतात. भाजीपाल्याच्या शेतीत रासायनिक खतांना पर्याय म्हणून ही दोन्ही वापरली जातात. मात्र त्यांचे कार्य भिन्न आहे. सेंद्रिय खत जमिनीत अन्नद्रव्ये घालते. जिवाणू खतात स्वतःची अन्नद्रव्ये नगण्य असतात. ते हवेतील किंवा जमिनीतील अन्नद्रव्ये पिकाला उपलब्ध करून देते. त्यामुळे एक खत दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

इतिहास

शेणखताचा वापर प्राचीन आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे काडीकचरा व शेण यांपासून कंपोस्ट करण्याची पद्धत विकसित केली; ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवतराव पांढरीपांडे यांनी कमी शेणात अधिक खत देणारी, हवेशीर विटांच्या टाक्याची पद्धत रूढ केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' असे नाव पडले. मार्टिनस बायरिंक यांनी १८८८ मध्ये मुळांवरील गाठींतील जिवाणू वेगळा केला आणि १९०१ मध्ये ॲझोटोबॅक्टरचे वर्णन केले. भारतात २००६ पासून जिवाणू खतांचा समावेश खत नियंत्रण आदेशात करण्यात आला आहे.

जिवाणू खतांचे प्रकार

रायझोबियम : हे जिवाणू वाटाणा, घेवडा, चवळी, मेथी यांसारख्या शिंबावर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी तयार करून हवेतील नत्र स्थिर करतात. प्रत्येक पीकगटास ठरावीक जात लागते. वाटाण्याची जात चवळीस उपयोगी पडत नाही. कार्यक्षम गाठ कापल्यास आतून गुलाबी दिसते.

ॲझोटोबॅक्टर व ॲझोस्पिरिलम : टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी अशा पिकांसाठी यांचा वापर होतो. हे जिवाणू गाठी तयार करत नाहीत. त्यांच्याकडून मिळणारे नत्र मर्यादित असते व जमिनीतील सेंद्रिय पदार्थांवर अवलंबून असते.

स्फुरद विरघळवणारे जिवाणू : बॅसिलस व स्यूडोमोनास यांच्या काही जाती सेंद्रिय आम्ले स्रवून जमिनीत अडकून पडलेले स्फुरद मोकळे करतात. जमिनीत मुळातच स्फुरद कमी असल्यास त्यांचा लाभ अल्प असतो.

मायकोरायझा : ही बुरशी मुळांशी सहजीवन साधून स्फुरदाचे शोषण वाढवते. कांदा, मिरची, टोमॅटो यांना ती उपयुक्त ठरते; कोबी, फुलकोबी, मुळा, पालक व बीट ही पिके मात्र सहसा तिच्याशी असे सहजीवन करत नाहीत.

अन्नद्रव्यांचा हिशेब

युरियात ४६ टक्के नत्र असते, तर चांगल्या शेणखतात सुमारे ०.५ टक्के. एखाद्या पिकास हेक्टरी १०० किलो नत्र द्यावयाचे असल्यास सुमारे २१७ किलो युरिया पुरतो. तेवढेच नत्र शेणखतातून देण्यासाठी २० टन शेणखत लागते. त्यातीलही अंदाजे एकतृतीयांश नत्रच पहिल्या हंगामात उपलब्ध होते. उरलेले पुढील हंगामांत हळूहळू मिळते. थंडीत कुजण्याची क्रिया मंदावते. त्यामुळे महिना-दीड महिन्यात निघणाऱ्या पालेभाज्यांना पूर्ण कुजलेले खत पेरणीपूर्वीच द्यावे लागते. निंबोळी पेंडीत सुमारे ५ टक्के नत्र असल्याने ती पूरक म्हणून दिली जाते.

वापर व दक्षता

बीजप्रक्रियेसाठी साधारणपणे १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम जिवाणू खत गुळाच्या थंड द्रावणातून चोळतात, बी सावलीत सुकवतात व त्याच दिवशी पेरतात. रोपांची मुळे लागवडीपूर्वी जिवाणूंच्या द्रावणात बुडवली जातात. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी व जिवाणूंची सर्वांत शेवटी केली जाते. उन्हात ठेवलेल्या किंवा मुदत संपलेल्या पाकिटातील जिवाणू मोठ्या प्रमाणात मेलेले असतात.

कच्चे शेणखत हुमणीच्या प्रादुर्भावास पोषक ठरते. काडीकचरा न कुजवता मिसळल्यास तो कुजवणारे सूक्ष्मजीव जमिनीतील नत्र स्वतःसाठी वापरतात व पीक पिवळे पडते. गाजर, मुळा, कोथिंबीर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांत कच्च्या शेणातून रोगजंतू पोहोचण्याचा धोका असतो.

संक्रमण

श्रीलंकेत २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घालण्यात आली. शेतकऱ्यांच्या तीव्र विरोधानंतर ती त्याच वर्षी मागे घेण्यात आली. याउलट सिक्कीमने २००३ पासून टप्प्याटप्प्याने बदल केला व २०१६ मध्ये ते संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषित झाले. शेतपातळीवरही माती परीक्षण करून रासायनिक खतांची मात्रा क्रमाने कमी करणे आणि दरम्यान जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढवणे, हा कमी जोखमीचा मार्ग मानला जातो. रासायनिक, सेंद्रिय व जिवाणू खतांच्या अशा मेळास एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापन म्हणतात.