कॉफीचं दळण : भरड, रवा आणि पीठ

मागच्या व्याख्यानानंतर दोघा-तिघांनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाले, सर, तुमचा विषय तत्त्वज्ञान, आणि पुढच्या महिन्यात कॉफीच्या ग्राइंडरवर बोलणार म्हणता, हे काय प्रकरण आहे? तर ते आधी सांगून टाकतो.

तीन वर्षांपूर्वी आमची साखर वाढली. डॉक्टरांनी चहा-कॉफीतली साखर पूर्ण बंद केली. जवळजवळ पन्नास वर्षं आम्ही दुधात उकळलेली, जायफळ आणि दोन चमचे साखर घातलेली कॉफी पीत आलो होतो. बिनसाखरेचा पहिला घोट घेतला आणि लक्षात आलं, की इतकी वर्षं आम्हाला कॉफी आवडतच नव्हती, साखर आवडत होती. (हशा)

मुलाला वाईट वाटलं. त्यानं फ्रेंच प्रेसचं भांडं आणलं, चिकमगळूरच्या चांगल्या भाजलेल्या बिया आणल्या. आम्ही त्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात घालून फिरवल्या, कॉफी केली. ती आंबट लागली. आणि घोट गिळल्यावर कडूही. दोन्ही एकदम! आम्ही बिया बदलल्या, मग पाणी बदललं, मग भांडं बदललं. सगळं वर्ष त्यात गेलं. बदलायला हवं होतं ते दळण, आणि तेवढंच आम्ही सोडून दिलं होतं.

हे बघा, मिक्सर दळत नाही. तो कापतो. पातं गरगरतं, जी बी पात्याखाली येते ती चार वेळा कापली जाते, जी कडेला पळते ती एकदाही नाही. आणखी फिरवलं तर मोठे तुकडे लहान होतात खरे, पण जे आधीच लहान होते त्यांची भुकटी होते. घरी करून बघा. मिक्सरमधली कॉफी रव्याच्या चाळणीतून चाळा, खाली पडलेली मैद्याच्या चाळणीतून चाळा. तीन ढीग निघतील आणि तिन्ही चांगले भरगच्च असतील.

जात्याचं तसं नसतं. दोन तळ्यांमध्ये ठरावीक फट असते. दाणा फटीपेक्षा मोठा असेल तर तो बाहेर पडूच शकत नाही, आणि फटीएवढा झाला की आत थांबत नाही. कॉफीचा खरा ग्राइंडर म्हणजे हे जातंच. पोलादी किंवा सिरॅमिकच्या दाते असलेल्या दोन चकत्या, एक स्थिर, एक फिरणारी. इंग्रजीत त्यांना बर म्हणतात. आम्ही आज तळ्याच म्हणणार. दुकानात 'ग्राइंडर' म्हणून पाती असलेलं यंत्रही विकतात. तो छोटा मिक्सर आहे. तो घेऊ नका, पैसे वाचले तरी घेऊ नका.

आता दळणाचा चवीशी संबंध काय? एक सेंटिमीटरचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक-एक मिलिमीटरचे हजार घन केले तर माल तेवढाच, पण पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर, दहापट. पाणी पृष्ठभागावरूनच आत शिरतं. म्हणून बारीक पूड लवकर सुटते, जाड उशिरा. आणि सगळं एकदम सुटत नाही. साधारण आधी आंबटपणा उतरतो, मग गोडवा, शेवटी कडवटपणा. अर्नेस्ट लॉकहार्ट नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात अमेरिकेत यावर काम केलं. त्या परंपरेतून आलेला आणि आजही वापरात असलेला आडाखा असा, की पुडीच्या वजनाचा १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरावा. कमी उतरला तर आंबट-पाणचट, जास्त उतरला तर कडू-तुरट.

आमची कॉफी दोन्ही कशी झाली ते आता उघड आहे. भुकटीतून ओढायचं नव्हतं तेही ओढलं गेलं, आणि मोठ्या तुकड्यांतून ओढायचं होतं तेही आलं नाही. सरासरी काढली असती तर कदाचित वीस टक्के बरोबर भरली असती! वर्गातल्या निम्म्या मुलांना शंभर आणि निम्म्यांना शून्य मिळाले तर सरासरी पन्नास येते, आणि प्राचार्य म्हणतात निकाल ठीक आहे. पन्नास मिळालेला एकही मुलगा त्या वर्गात नसतो. जिभेला सरासरी कळत नाही, तिला निकालपत्रातलं प्रत्येक नाव दिसतं. म्हणून ग्राइंडर किती बारीक दळतो हा पहिला प्रश्न नाही. तो किती एकसारखं दळतो, हा आहे. थोडी भुकटी उत्तम ग्राइंडरमध्येही पडतेच, ती दगडात बांधलेली रेघ समजा; पण ढीग एकच हवा.

आणि किती जाड दळायचं हे सांगायला मराठीइतकी सोयीची भाषा नाही. इंग्रजी पुस्तकांत मीडियम, मीडियम फाइन, मीडियम कोर्स असं चाललेलं असतं, त्यातून काही बोध होत नाही. आपल्याकडे बायकांनी शेकडो वर्षं पहाटे उठून दळलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पानं जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यातल्या कितीतरी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या. त्या बायकांनी ओव्या दिल्या तसे शब्दही दिले : भरड, कणी, रवा, पीठ, वस्त्रगाळ. आजही गिरणीत आपण सांगतोच ना, लाडवासाठी जरा रवाळ काढा म्हणून.

तर फ्रेंच प्रेस, म्हणजे पूड गरम पाण्यात चार मिनिटं मुरवून जाळीनं खाली दाबायची, तिला इडली रव्यासारखं जाड दळण. अर्धा लिटर पाण्याला ३० ग्रॅम धरा. कोल्ड ब्रू, फ्रीजमध्ये बारा ते अठरा तास, त्याला त्याहून जाड, सरळ भरड. कागदी गाळणीतून वरून पाणी ओतायची पद्धत, पोअर ओव्हर, तिला उपम्याचा रवा; १५ ग्रॅमवर २५० मिलिलिटर पाणी साधारण तीन मिनिटांत उतरावं. मोका पॉटला बारीक मीठ. एस्प्रेसोला पिठीसाखरेहून किंचित खरखरीत, आणि तुर्की कॉफीला अगदी वस्त्रगाळ. ती बहुतेक घरगुती ग्राइंडरना जमतच नाही, नाद सोडा.

दाक्षिणात्य फिल्टरवर जरा थांबू, कारण आपल्या निगडी-आकुर्डीत तो पुष्कळ घरांत आहे. त्याला बारीक रवा. इथं पाणी फक्त आपल्या वजनानं उतरतं, मागून दाब नसतो. पीठ केलंत तर डिकॉक्शन वरच्या भांड्यात अडून बसतं, सकाळी उठून बघावं तर खाली चार थेंब. जाड केलंत तर पाच मिनिटांत भुर्रकन उतरतं आणि दुधात दिसेनासं होतं. शिवाय चिकोरी. ती पाणी धरून ठेवते, वाट आणखी अडवते. म्हणून चिकोरी घालणार असाल तर बिया किंचित जाड दळा. चिकोरीची पूड वेगळी मिळते, ती मागाहून मिसळा, ग्राइंडरमध्ये घालू नका.

आणि आपली घरगुती, दुधात उकळायची? जाड रवा. उकळल्यानं सगळंच ओढलं जातं, बारीक पूड घातलीत तर कडूही होते आणि गाळणीतूनही निसटते.

आता खरेदी. इथं टाळगाव चिखलीत बसून हे सांगायला आम्हाला संकोच वाटतो, कारण समोर निम्मी मंडळी तळवडे, भोसरी, चाकणच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेली आहेत. पहिला हातग्राइंडर आम्ही स्वस्तात आणला होता, दुकानाचं नाव सांगत नाही. बारीक दळण बरं यायचं, जाड करायला गेलं की पुन्हा तेच तीन ढीग. कोडं सुटेना. शेजारच्या इमारतीतले एक निवृत्त टर्नर आले, त्यांनी खालची तळी दोन बोटांत धरली, हलवली, आणि म्हणाले, "सर, शाफ्टला प्ले आहे." संपलं! शाफ्ट फक्त वरून धरलेला होता, खाली आधारच नाही. तळ्या जवळ असताना एकमेकींना सावरून घ्यायच्या. फट वाढवली की फिरती तळी डोलायची, एका बाजूला फट मोठी, दुसऱ्या बाजूला लहान. चांगल्या ग्राइंडरला शाफ्ट वर आणि खाली दोन बेअरिंगमध्ये बसवलेला असतो. पैसे तिथं जातात. बाहेरच्या लाकडी मुठीला भुलू नका. दुकानात तळी धरून हलवून बघा; लाजू नका, आपण तिथं डायल लावत नाही एवढं नशीब समजा त्यांचं. (हशा) हारिओच्या लहान सिरॅमिक ग्राइंडरपासून कोमांडांटेपर्यंत बाजारात बरेच आहेत. टाइममोरसारखे मधले चांगल्या मिक्सरच्या किमतीच्या आसपास येतात, आणि घराला ते पुरतात. तळ्या सपाट की शंकूच्या आकाराच्या, यावर लोक हिरीरीनं भांडतात. तुम्ही भांडू नका.

एस्प्रेसो करणार असाल तर मात्र हिशेब वेगळा. तिथं नऊ बार दाबानं पाणी पंचवीस-तीस सेकंदांत जायचं असतं, फट केसाएवढी हलली तरी वेळ बदलते. त्या ग्राइंडरला बारीक बारीक टप्पे लागतात, आणि तो यंत्राइतकाच महाग पडतो. म्हणून आधी पद्धत ठरवा, मग ग्राइंडर. उलटं केलंत की फसलात.

हाताचा की विजेचा? आमच्या भिंतीपलीकडचे गृहस्थ चाकणला आहेत, तिसरी पाळी करून सकाळी घरी येऊन झोपतात. आमची कॉफीची वेळ साडेसात. विजेचा ग्राइंडर अर्धा-एक मिनिटच चालतो, पण ज्याला नुकता डोळा लागलाय त्याला ते मिनिट फार मोठं असतं. म्हणून आम्ही हाताचा घेतला. त्यावर आमच्या मनगटानं तक्रार केली. बारीक दळायला जोर लागतो, जाडाला कमी. तेव्हा रोज फ्रेंच प्रेस, आणि फिल्टर कॉफी फक्त नात आली की, कारण दळायला ती असते. संधिवात असेल तर सरळ विजेचा घ्या आणि रात्री जेवणाआधी दळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ताज्या दळणाइतका वास राहत नाही. तेवढं सोसायचं.

वापरताना पहिल्या दिवशी एक काम करा. रिकाम्या ग्राइंडरच्या तळ्या हलकेच टेकेपर्यंत आवळा, ते तुमचं शून्य. तिथून किती टिकटिक मागे गेलात ते वहीत लिहा. शेजाऱ्याचा आकडा तुमच्या ग्राइंडरला चालणार नाही. मग कॉफी करा. आंबट लागली तर दोन टिकटिक बारीक, कडू लागली तर दोन जाड. पण त्या दिवशी बिया, वजन, पाणी, वेळ यांतलं काहीही हलवायचं नाही. १८४३ साली एका तर्कशास्त्रज्ञानं ही व्यतिरेक पद्धत नीट मांडली, त्याचं आडनावच मिल होतं. आम्ही तीस वर्षं ती वर्गात शिकवली आणि स्वयंपाकघरात वर्षभर एका वेळी तीन गोष्टी बदलत बसलो.

बिया आधी ताटलीत पसरून बघा, तांदूळ निवडतो तशा. एक खडा तळीचा दात घालवतो, आणि जात्याला टाकी लावून मिळते तशी हिला मिळत नाही. उन्हाळ्यात पूड भांड्याला चिकटते, उडते. ती घर्षणाची वीज. चमच्याचं टोक पाण्यात बुडवून बियांतून फिरवा, तेवढा ओलावा पुरतो. २०२३ मध्ये ओरेगन विद्यापीठाच्या क्रिस्टोफर हेंडन यांनी ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणाऱ्यांना सोबत घेऊन हे तपासलं. बाकी, पोलादी तळ्या पाण्यानं धुवायच्या नाहीत. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशनं झाडायच्या, नाहीतर जुनं तेल खवट होऊन नव्या कॉफीत उतरतं.

वेळ होत आली. मागून एका ताईंचा प्रश्न आला आहे : यात गरम मसाला दळला तर चालेल का? नाही, ताई. लवंगेचं तेल तळ्यांत बसलं की महिनाभर कॉफीला बिर्याणीचा वास येईल. आणि जायफळ? तेही नाही. जायफळ किसणीवर, थेट कपात, दोनदाच घासायचं. साखर गेली तरी ते आम्ही सोडलेलं नाही.