एक मालिका, अनेक कारभारी

ब्रिटिश दूरचित्रवाणीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सायंकाळी ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. लोकांचे लक्ष नव्या मालिकेकडे कोठून असणार? पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवण्यात आला. पोलिसांच्या निळ्या पेटीच्या रूपातील यानातून काळ आणि अवकाश यांत भ्रमण करणारा एक परग्रहवासी हा तिचा नायक. अशा अडखळत्या आरंभाची ही मालिका १९८९ पर्यंत चालली, मग बंद पडली, १९९६ साली एका चित्रपटापुरती परतली आणि २००५ साली नव्याने सुरू झाली.

इतक्या दीर्घ काळात नायकाची भूमिका करणारे नट बदलले, तसे निर्मातेही बदलले. कोणत्या निर्मात्याची कारकीर्द श्रेष्ठ, हा या मालिकेच्या रसिकांमधला जुना वाद आहे. वरवर पाहता तो करमणुकीचा विषय वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे. अनेकांच्या हातून घडणाऱ्या कलाकृतीचे यश आणि अपयश एका माणसाच्या पदरात किती घालावे?

निर्माता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भांडवल घालणारा चित्रपट-व्यावसायिक येतो. बी.बी.सी.चा निर्माता तसा नव्हे. पैसा संस्थेचा, वेळ संस्थेने नेमून दिलेली. कथा-संपादकाच्या साहाय्याने लेखक निवडणे, दिग्दर्शक व नट नेमणे आणि ठरलेल्या पैशांत ठरलेल्या दिवशी भाग तयार ठेवणे हे त्याचे काम. थोडक्यात, तो मालक नसून कारभारी असतो; आणि कारभाऱ्याची परीक्षा घ्यायची तर त्याच्या हाती दौलत कशी आली आणि त्याने पुढच्याच्या हाती ती कशी दिली, हे आधी पाहावे लागते.

पहिल्या निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट. मालिका सुरू झाली तेव्हा त्या वयाची अठ्ठावीस वर्षे पूर्ण करणार होत्या. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौत जन्मलेले, त्यांच्याहूनही वयाने लहान. जागा मिळाली ती लाइम ग्रोव्हचा जुना, अपुरा स्टुडिओ. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना मालिकेत बटबटीत डोळ्यांचे राक्षस नको होते. तरीही टेरी नेशन यांची ‘डालेक’ या यंत्रकवचधारी प्राण्यांची कथा लॅम्बर्ट यांनी पुढे रेटली आणि त्या कथेनेच मालिकेला लोकप्रियता मिळवून दिली. पहिल्या वर्षात बेचाळीस भाग झाले. १९८६ नंतर वर्षाला चौदाच भाग होत. तेव्हा नुसती संख्या मोजून तुलना करू जाणे व्यर्थ होय.

पुढे १९६६ साली निर्माते इनेस लॉइड यांच्यापुढे वेगळाच पेच उभा राहिला. मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना. नायकाचा देहच पालटतो, ही कल्पना त्यावर तोड म्हणून निघाली आणि पॅट्रिक ट्राउटन नायक झाले. मालिकेला दीर्घायुष्य देणारी ही युक्ती अडचणीतून जन्मली. दैवदुर्विलास असा की, ज्या भागात हे स्थित्यंतर घडते तो भाग आज संपूर्ण उपलब्ध नाही. त्या काळी जुन्या फिती पुसून टाकण्याची प्रथा होती. त्यामुळे साठीच्या दशकातील नव्वदांहून अधिक भाग नाहीसे झाले आहेत. आरंभीच्या निर्मात्यांचा न्याय अशा फाटक्या चोपडीवरून करावा लागतो, याचे भान ठेवलेले बरे.

सत्तरीच्या दशकात बॅरी लेट्स आले. नायकाला पृथ्वीवर हद्दपार करण्याचा निर्णय त्यांच्या आधीचाच. तो त्यांना वारशाने मिळाला. त्या चौकटीत राहून कारखान्यांच्या विषारी सांडपाण्यासारखे विषय त्यांनी १९७३ सालीच कथेत आणले. दर आठवड्याला एक भाग चित्रित करण्याऐवजी पंधरवड्याला दोन भाग एकत्र चित्रित करण्याची पद्धत त्यांनी पाडली, म्हणजे तेच देखावे पुनःपुन्हा उभारण्याचा खर्च वाचला. प्रेक्षकाला असली सुधारणा दिसत नाही. पण पडद्यावर जे दिसते त्याचा आधार बहुधा तीच असते.

त्यांच्यानंतरचे फिलिप हिंचक्लिफ यांची १९७५ ते १९७७ ही कारकीर्द अनेक जण सर्वोत्कृष्ट मानतात. भयकथेचा गडद रंग, रॉबर्ट होम्स यांच्यासारखा समर्थ कथा-संपादक आणि टॉम बेकर यांच्यासारखा प्रभावी नट, असा हा योग होता. परंतु बेकर यांची निवड लेट्स यांची. डालेकांच्या उत्पत्तीची गाजलेली कथाही लेट्स यांच्याच अमदानीत योजली गेली होती. मग तिचे श्रेय कोणाचे? बी पेरणाऱ्याचे, की पीक जोपासणाऱ्याचे? प्रामाणिक उत्तर एकच, ते म्हणजे दोघांचेही.

हिंचक्लिफ यांच्या कथांतील भयानकतेबद्दल मेरी व्हाइटहाउस यांच्यासारख्या टीकाकारांनी ओरड केली. पुढे निर्माते झालेल्या ग्रॅहॅम विल्यम्स यांना भय आणि हिंसा कमी करण्याची आज्ञा झाली. महागाईने पैशांचे मोल घटत होते. विल्यम्स विनोदाकडे वळले ते केवळ आवडीने नव्हे. त्यांच्या काळातील पॅरिसमधील कथेचा अखेरचा भाग १९७९ साली सुमारे एक कोटी साठ लाख लोकांनी पाहिला. मात्र तेव्हा प्रतिस्पर्धी वाहिनी संपामुळे बंद होती. आणि त्याच वर्षी खुद्द बी.बी.सी.तील कामबंदीमुळे त्यांची ‘शाडा’ ही कथा अपुरी राहिली. एका संपाने दिले, दुसऱ्याने नेले! प्रेक्षकसंख्येच्या तराजूत अशी कारकीर्द कशी तोलावी?

सर्वांत अधिक बोल लावला जातो तो १९८० ते १९८९ या काळातील जॉन नेथन-टर्नर यांना. मालिका त्यांच्या हातात असताना बंद पडली, हे खरे. परंतु पॅरिसच्या चित्रीकरणाचा खर्च बसवून दाखवणारे व्यवस्थापक तेच होते, हे सहसा कोणी सांगत नाही. १९८५ साली वरिष्ठांनी मालिका दीड वर्ष थांबवली. १९८७ पासून ती देशातील अत्यंत लोकप्रिय मालिकेच्या समोर, त्याच वेळेला लावली. पद सोडण्याची इच्छा असूनही त्यांना ठेवून घेण्यात आले. त्यांच्या निवडी सगळ्याच योग्य होत्या असे नाही. मधल्या वर्षांतील काही कथा भडक आणि विसविशीत आहेत. तथापि शेवटच्या दोन वर्षांत तरुण लेखकांना त्यांनी वाव दिला आणि त्यातून चांगल्या कथा निपजल्या. दिवा विझता विझता मोठा झाला, पण पाहणारे थोडे उरले होते.

२००५ नंतर व्यवस्था पालटली. प्रमुख लेखक हाच कार्यकारी निर्माताही होऊ लागला. रसेल टी. डेव्हिस यांनी पहिल्या वर्षीच्या तेरा भागांपैकी आठ स्वतः लिहिले. पुढचे दोन्ही कारभारी, स्टीव्हन मॉफॅट आणि ख्रिस चिब्नॉल, डेव्हिस यांच्याच हाताखाली या मालिकेचे लेखक म्हणून घडले. चिब्नॉल यांच्या काळात, २०१८ साली, विनय पटेल यांनी लिहिलेल्या भागात १९४७ च्या फाळणीतील पंजाब आला. लखनौच्या तरुणाने दिग्दर्शित केलेल्या मालिकेत या भूमीचे दुःख येण्यास पंचावन्न वर्षे लागली. पण ते आले, ते काळप्रवासातून इतिहास दाखवण्याच्या १९६३ मधल्याच मूळ संकल्पाला धरून.

तेव्हा निर्मात्यांची तुलना अवश्य करावी. मात्र तीन प्रश्न विचारून. त्याला काय मिळाले होते? त्याला काय नाकारले गेले होते? आणि त्याने मागे काय ठेवले? केवळ यशाची उंची मोजणारा रसिक हिंचक्लिफपाशी थांबेल. हे तीन प्रश्न विचारणाऱ्याला त्यांच्यामागे उभे असलेले लेट्स दिसतील, विल्यम्स यांची कोंडी कळेल आणि नेथन-टर्नर यांच्या माथी मारलेल्या दोषातला संस्थेचा वाटाही ध्यानी येईल. सार्वजनिक संस्थेत काम करणाऱ्या प्रत्येक कारभाऱ्याला निदान एवढा न्याय मिळावा.