शेवटच्या रांगेपर्यंत आवाज

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे निघालं, भीमा ओलांडली, की दौंड तालुक्यातला चौफुला लागतो. चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की या रस्त्यावर वाद्यांचे टेम्पो हमखास भेटतात. एका गावचा कार्यक्रम उरकून दुसरं गाव गाठायचं असतं. ताडपत्रीखाली बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरचे खोके, माईकचे स्टँड, वायरींची भेंडोळी, आणि मागे जोडलेला जनरेटर. लंडनच्या एखाद्या रॉक बँडच्या गाडीत यापेक्षा वेगळं फारसं काही निघणार नाही. आपल्या भागाचा रॉक बँड म्हणजे बेंजो पार्टी आणि तमाशाचा फड, असं मी मनापासून मानतो. त्यांच्या गाण्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, सामानावर मात्र फारच थोडं.

आधी बेंजो, कारण वरातीत सगळ्यांना नाचवतो तो हाच. अमेरिकेतला चामडं मढवलेला बँजो वेगळा. आपला बेंजो मूळचा जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘तैशोगोतो’ नावाचं वाद्य तयार केलं. लांबट पेटीवर तारा आणि त्यांवर टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबली की तार पडद्यावर टेकते, उजव्या हातातल्या नखीने ती छेडायची. भारतात हेच वाद्य बुलबुल तरंग म्हणून घरोघरी गेलं. पण घरातला तो नाजूक आवाज वरातीत कुणाला ऐकू जाणार? म्हणून तारांखाली पिकअप बसला.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत किंचित वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलेलं तत्त्व ते हेच. १९३०च्या दशकात इलेक्ट्रिक गिटार याच तत्त्वावर बाजारात आली. जिमी हेंड्रिक्सच्या गिटारीत जे घडत होतं, तेच न्हावऱ्याच्या वरातीतल्या बेंजोत घडतं. पुढे अ‍ॅम्प्लिफायर ताकदीबाहेर ताणला की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात आणि आवाजाला धार चढते. रॉकवाले ही धार मुद्दाम आणतात. बेंजोचा झणझणीतपणाही बराचसा तिथूनच येतो. त्याला नुसता गोंगाट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

तमाशाच्या फडावर वीज उशिरा आली. ढोलकी, हलगी, तुणतुणं, कडं, झांज ही तिथली मूळची वाद्यं. थंडीत रात्री दव पडलं की हलगीचं चामडं सैल होतं. मग वाजवणारा चार काटक्या-कागद पेटवून हलगी त्या धगीवर गोल फिरवतो, मधूनच बोटाने टिचकी मारून बघतो. ठणका हवा तसा लागला की लगेच रंगमंचाकडे धाव. चामडं गार होण्याआधी वाजवायला हवं. ढोलकीचं तर आणखी अवघड. तिची चाटी चढ्या सुरात लावलेली, धुमेचा आवाज घुमारेदार. दोन्हींना एकच माईक दिला तर धुम दबते. जाणकार साउंडवाला म्हणूनच ढोलकीला दोन माईक देतो.

शब्दांचंही तसंच आहे. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे लोककवी बशीर मोमीन कवठेकर यांनी फडांसाठी आयुष्यभर गण-गवळणी, लावण्या, वगनाट्यं लिहिली. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कारही त्यांना मिळाला. पण वगातला एखादा टोला शेवटच्या रांगेत कळला नाही, तर लिहिणाऱ्याची मेहनत वाया. माईक स्पीकरच्या तोंडासमोर आला की शिट्टी मारतो, कारण स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरून पुन्हा स्पीकरमधून फिरत राहतो. म्हणून खोके नेहमी कलाकारांच्या पुढे, दोन्ही कडेला.

ऑक्टोपॅड आला आणि दवाची काळजी मिटली. जपानच्या रोलँड कंपनीने तो १९८५ साली आणला. रबराचे आठ पॅड, प्रत्येकाखाली ठोका ओळखणारा सेन्सर. टिपरू पडलं की साठवलेला आवाज वाजतो: ढोलक, काँगो, टाळी, काहीही. एका माणसाच्या हाती अख्खा तालमेळ येतो, टेम्पोतली जागा वाचते. पण हलगीवर बोट दाबून सूर बदलता येतो, ती मजा पॅडमध्ये नाही. चांगले फड दोन्ही जवळ ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून १० मीटरवर १०० डेसिबल असेल, तर ८० मीटरवर ८२ उरतात. आवाज कानाला दुप्पट वाटावा यासाठी अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दहापट लागते. त्यामुळे वॉट वाढवत बसण्यापेक्षा स्पीकर उंचावर आणि लोकांच्या दिशेने लावणं स्वस्त पडतं. जुना भोंगा थोड्या विजेत लांब पोचायचा, कारण त्याचं पसरत जाणारं तोंड युनिटचा आवाज हवेत नीट सोपवतं. मात्र त्यात खर्ज नाही. ढोलाचा दणका हवा तर १८ इंची स्पीकरचे जड खोके आणि मोठा जनरेटर आलाच.

ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सणासमारंभासाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. आजारी माणसाला, लहान मुलाला झोप हवी, हे मान्यच. पण पूर्वी पहाटेपर्यंत रंगणाऱ्या वगाला आता घड्याळाकडे बघत आवरावं लागतं. म्हणून जत्रा कमिट्यांनी पालखी, सत्कार, भाषणं लवकर उरकावीत आणि कलाकारांना वेळेवर रंगमंच द्यावा. साउंडवाल्याला अंधार पडण्याआधी अर्धा तास वाद्यं लावून बघू द्यावं.

आणि ग्रामपंचायतीने जत्रेच्या मैदानात एक पक्का अर्थिंगचा खड्डा करून ठेवावा: पट्टी, कोळसा, मीठ, वरून पाणी. अर्थिंग धड नसलं की स्पीकरमधून घुं असा आवाज येत राहतो, हा त्रास लहान. घामेजल्या हाताने लोखंडी स्टँड धरून, ओठ माईकला लावून गाणाऱ्या बाईला शॉक बसू शकतो, हा धोका मोठा. जत्रेच्या एका रात्रीवर गाव जेवढा खर्च करतं, त्याच्या मानाने त्या खड्ड्याचा खर्च किरकोळ आहे.