कानाने शिकावयाचे व्याकरण

इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, तेव्हा साष्टीतील लोकांच्या भाषेचे छापील व्याकरण नव्हते. ते पुढे त्यांनीच रचले आणि त्यांच्या निधनानंतर, १६४० साली, रायतूर येथे ते छापले गेले. भाषकासमोर बसून त्याच्या भाषेची घडण उलगडणे ही विद्या आता विद्यापीठांतून शिकविली जाते. अडचणी मात्र जुन्याच आहेत.

समजा, पुण्याचा एखादा विद्यार्थी डिचोलीतील एका वृद्ध गृहस्थांच्या ओसरीवर वही घेऊन बसला. ‘आजोबा, मी जातो, याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ उत्तर येते, ‘हांव वतां.’ विद्यार्थी धातू टिपतो : वत. पुढे ‘मी जात नाही’ याला ‘हांव वचना’ आणि ‘जा’ला ‘वच’ असे ऐकू येते, तेव्हा पहिली नोंद खोडावी लागते. धातू ‘वच’; त्यातला ‘च’ पुढच्या ‘त’मध्ये विरला होता. इतके जुळते न जुळते तोच भूतकाळी ‘हांव गेलों’! येथे ‘वच’ औषधालाही नाही. विद्यार्थी चक्रावतो, पण त्याच्या स्वतःच्या ‘जातो’ आणि ‘गेलो’ यांत तरी कोणते साम्य आहे? जन्मभर बोललेली गोष्ट परक्या ओसरीवर प्रथम ध्यानात येते.

‘मुलगी आली’ याला ‘चेडूं आयलें’ असे नपुंसकलिंगी उत्तर मिळाले, की ते सुधारण्याचा मोह होतो. तो आवरला नाही तर दिवस फुकट गेला म्हणावे.

याहून अवघड निराळेच आहे. पेडणे-डिचोलीकडे शाळा, कीर्तन, पोथी यांतून मराठी पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली. पाहुणा वही उघडतो आणि यजमान घरची बोली आत ठेवून ग्रांथिक मराठी बोलू लागतात. घरची बोली पाहुण्यापुढे त्यांना उणी वाटते. अशा वेळी ‘तुमची ही मराठी की कोकणी?’ असे विचारणे म्हणजे १९८७ च्या राजभाषा कायद्याचा जुना वाद ओसरीवर आणणे. त्यापेक्षा भाताची लावणी कशी होते ते विचारावे, शेजाऱ्याला बोलवावे आणि आपण गप्प राहावे. पेडण्याच्या उत्तरेस कुडाळीचा मुलूख लागतो, डॉ. अ. मा. घाटगे यांनी त्या बोलीचे वर्णन १९६५ साली प्रसिद्ध केले. सीमेवर एकाच घरात दोन रूपे सापडली, तर दोन्ही टिपावीत.

शेवटी विद्यार्थ्याने आपली वाक्ये मोठ्याने वाचून दाखवावीत. आजोबा भिडेने मान डोलावतील. दाराआडची नात हसली, तर ते वाक्य पुन्हा विचारावे.