साहेबांच्या मर्जीची फीमाफी

२०२४-२५पासून वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य शासनाने पूर्ण माफ केली. उत्तम झाले. मात्र त्याच कॉलेजातल्या शिपायाच्या मुलाला फी-सवलत मिळते का, हे आजही संस्थाचालकांच्या मूडवर ठरते. अनुदानित कॉलेजांच्या काळात फीच नगण्य होती, त्यामुळे सवलतीचे कुणाला अप्रूप नव्हते. १९८३मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडले, तेव्हा हा प्रश्न खरा जन्माला आला.

त्याचा निकाल लागला तो २००१ ते २०१० या दशकात, आणि तोही कर्मचाऱ्याच्या विरोधात. २००१मध्ये प्राप्तिकर नियम ३(५)ने ठरवले की, मालकाच्याच संस्थेत कर्मचाऱ्याच्या मुलाला मिळणारे शिक्षण दरमहा १,००० रुपयांपर्यंतचे असेल तर करमुक्त. त्यापुढे परिसरातल्या तशाच संस्थेचा खर्च धरून ती पगारावरची सुविधा. पुढची वीस वर्षे हा हजाराचा आकडा हलला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२च्या टी. एम. ए. पै निकालाने संस्थांना फी ठरवण्याची मोकळीक आणि वाजवी शिलकीची मुभा दिली. फी फुगत गेली. कर्मचाऱ्याच्या वाट्याला आला साहेबांच्या केबिनबाहेरचा बाक आणि हातातला विनंतीअर्ज. सरकार ज्या सवलतीला पगार म्हणून कर लावते, तिला संस्था मात्र उपकार म्हणते!

सवलतीचा भार इतर पालकांवर पडतो, असा आक्षेप घेतात. पडतो, पण ग्रंथपालाच्या ग्रॅच्युइटीचाही पडतो, आणि तिला कुणी खिरापत म्हणत नाही. गुणवत्तेचा मुद्दा तर गैरलागूच, कारण इथे मागणी फीची आहे, जागेची नाही. खरी अडचण वेगळीच आहे: झाडलोट आणि सुरक्षा आता एजन्सीकडे, शिकवणे तासिका तत्त्वावर. ज्यांना सवलतीची सर्वाधिक गरज, ते हजेरीपटावरच नाहीत. शुल्क नियमनाच्या २०१५च्या कायद्यानंतर संस्था शुल्क नियामक प्राधिकरणाकडे खर्चाचा हिशेब मांडतातच. त्यात वेतनाच्या रकान्याखाली ही सवलत लेखी यावी, आणि कंत्राटी माणसांची नावे तिच्यात पहिली असावीत.