फडातून लावलेला फोन

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी घरे कुलूपबंद होतात. माणसे कोयता घेऊन सांगली, कोल्हापूरच्या फडात, आणि मतदार यादीतले नाव गेवराई, धारूर, केजच्या गावात. अर्ज द्यायला गावी यावे तर मुकादम खाडा मांडतो. तेव्हा आमदाराला गाठायचे ते फोनवरच.

२०२० साली मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा राज्यातल्या ३८ कारखान्यांवर सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगार अडकले. कोप्यांत धान्य सरत आलेले, म्हातारी माणसे गावाकडे. गावी, पुढाऱ्यांकडे फोन सुरू झाले. जिल्ह्यातल्या सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांना बोलावे लागले. १७ एप्रिलला शासनाने परतीची परवानगी दिली. परळीचे आमदार धनंजय मुंडे तेव्हा सामाजिक न्यायमंत्री होते. वैद्यकीय तपासणी करून कामगारांना गावी पोचवायची जबाबदारी कारखान्यांवर टाकली गेली. नुसत्या फोनने हे झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण कोपीतले हाल मुंबईला कळवणार कोण?

वस्तीचा नळ, गटार, दिवाबत्ती यांसाठी आधी सरपंच. सरकारी दवाखाना, राशन, स्मशानभूमीचा रस्ता अडला तर आमदार. रेल्वे, पोस्ट यांसाठी खासदार. जिल्ह्यात विधानसभेचे सहा मतदारसंघ; त्यांत केज राखीव. म्हणून बाकीचे पाच आमदार आपले नव्हेत, असे मुळीच नाही. ज्या मतदारसंघात आपले नाव, तिथला आमदार आपला. मत त्याला दिले की नाही, हे त्याने विचारू नये आणि आपणही सांगू नये.

फोन बहुधा पी.ए. उचलतो. 'साहेब, उपकार करा' हे शब्द आमच्या कानाला फार खटकतात. नाव, गाव, काम काय, अर्ज कोठे आणि कोणत्या तारखेला दिला, एवढे नीट सांगावे. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून ते आधी कागदावर उतरवून घ्यावे. बोलणाऱ्याचे नाव विचारावे, तारखेसह वहीत लिहावे आणि आठ दिवसांनी पुन्हा फोन लावावा. पाण्याची तक्रार असेल तर घरातल्या बाईनेच बोलावे. किती दिवसांआड नळ येतो ते तिला पाठ असते.

अर्जाची प्रत गावातल्या कोणाकरवी कार्यालयात देऊन पोच घ्यावी. वही मात्र प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, कोपीत सगळे भिजते.