बोटाच्या टोकावरचा श्वास

जबलपूरच्या ग्वारीघाटावर पौषातल्या पहाटे नर्मदेत बुडी मारून आलेल्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर कधी कधी आकडा उमटतच नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, यंत्राच्या प्रकाशाला नाडी सापडत नाही.

एरवी यंत्राने टिपलेल्या नाडीच्या लहरीत श्वासही दडलेला असतो. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. लहरीची उंचीही बदलते. त्यावरून श्वासांची गती काढता येते. पण उतारवयात, किंवा मधुमेहाने नसा बिघडल्यावर, ठोक्यांचा हा चढउतार क्षीण होतो. म्हणून तरुणांवर बेतलेलं गणित आजोबांना तसंच लावू नये. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास धोक्याचे. तिथे यंत्रापेक्षा, बाळ शांत असताना छाती-पोटाकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजणंच मला भरवशाचं वाटतं.